मातीत नसलेले डाव

शिरूर-दौंड पट्ट्यात जत्रेचा आखाडा भरला की हार म्हणजे काय, हे रेवड्यांच्या कुस्तीला उतरलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. पाठ लागली की संपलं. दोन्ही खांदे मातीला टेकले, तोंड आभाळाकडे झालं, पंचानं जिंकणाऱ्याचा हात वर केला, हलगी कडाडली, फेटे उडाले. हरलेल्याला काही बोलावं लागत नाही. पाठीला चिकटलेली तांबडी माती बोलते. तो लांग सावरत उठतो आणि गर्दीत शिरतो.

'मी हरलो' असं पैलवानानं स्वतःच्या तोंडानं म्हणायची सोयच मातीच्या कुस्तीत नाही. हार पंच सांगतो, पाठ सांगते, भोवतालचे हजार डोळे सांगतात. पैलवानाचं काम एकच, शेवटच्या श्वासापर्यंत पाठ मातीला लावू द्यायची नाही. हा संस्कार इतका खोलवर मुरलेला आहे की त्याच्याकडे नियम म्हणून कुणी पाहतही नाही. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या मातीतले मल्ल परक्या जमिनीवर उतरले, गादीवर, रिंगणात, अखेर पिंजऱ्यात, तेव्हा त्यांची खरी परीक्षा पाहिली ती या संस्कारानं. समोरचा माणूस हार-जीत कशाला म्हणतो, हेच दर वेळी नव्यानं शिकावं लागलं.

पहिला धडा लंडनमध्ये मिळाला, १९१० साली. शरतकुमार मित्र या बंगाली धनिकाच्या पाठबळावर गामा पैलवान आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष विलायतेला गेले. गामाची उंची पाहून तिथल्या संयोजकांनी नाक मुरडलं. मग गामानं जाहीर आव्हान दिलं आणि बेंजामिन रोलर या अमेरिकी मल्लाला पहिल्या पकडीत दोन मिनिटांच्या आत चीत केलं. पुढची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी. १० सप्टेंबरला दोघे भिडले. झिबिस्कोनं गामाचा जोर ओळखला आणि पोटावर पालथा पडून गादीला जे कवटाळलं ते सोडलंच नाही. दोन तास पस्तीस मिनिटं! गामा त्याला उलटवायला बघतोय आणि तो घोरपडीसारखा जमिनीला चिकटलेला. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्याची तारीख ठरली, पण झिबिस्को फिरकलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाच्या कमरेला गेला.

पालथं पडून राहणं आपल्याकडेही चालतं. खाली बसलेला पैलवान पाठ वाचवायला मातीला धरून राहतो, वरचा सवारी भरतो, घिस्सा मारतो, मोळी बांधायला बघतो. पोटावर पडलेला माणूस हरलेला नसतो, एवढं दोन्ही जमिनींना मान्य होतं. पालथ्या माणसाच्या पाठीवर बसून त्याच्या हनुवटीखालून हात घालावा आणि गळा आवळावा, ही शक्यता त्या दिवशी लंडनमध्ये नियमांनी मिटवून टाकली होती. आज एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) म्हणून पिंजऱ्यात जो खेळ चालतो, त्यात झिबिस्कोचे ते दोन तास पस्तीस मिनिटं दोन मिनिटंही टिकले नसते. १९२८ मध्ये पतियाळाच्या मातीत दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा गामानं एका मिनिटाच्या आत हिशेब पुरा केला. तिथं पालथं पडायलाही वेळ मिळाला नाही.

लंडनहून परतलेला इमामबक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात एका वेगळ्या कारणानं येतो. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं गोल, सगळ्यांना सारखं दिसेल असं मैदान कोल्हापुरात हवं असं मनात घेतलं. खासबाग मैदान उभं राहिलं. १९१२ मध्ये त्याचा शुभारंभ झाला तो इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्या कुस्तीनं. मध्यभागी हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ दिसावी अशी रचना. हार-जीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, याच कल्पनेवर ते सगळं मैदान बेतलेलं आहे. इमामबक्षचं नाव लक्षात ठेवायला हवं. त्याच्या मुलाची गोष्ट पुढे येणार आहे.

कोल्हापूरच्या या वातावरणात गोळेश्वरचा एक पोरगा कॉलेजला आला. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६, गाव कराडपासून हाकेच्या अंतरावर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. शाळा कराडची टिळक हायस्कूल, पुढे राजाराम कॉलेज. अंगानं भरभक्कम असे ते कधीच नव्हते. ज्यांनी त्यांना आखाड्यात पाहिलं नव्हतं त्यांना हा मुलगा पैलवान वाटायचा नाही. त्यांची ताकद होती चपळाईत आणि ढाकेत. ढाक हा बघायला साधा आणि करायला अवघड डाव. एक हात समोरच्याच्या मानेभोवती, दुसऱ्यानं त्याचा दंड घट्ट धरलेला, डोकं काखेशी दाबलेलं. मग आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालून एकदम वळायचं. वळण एका क्षणानं चुकलं तर आपलीच पाठ त्याच्या हातात जाते. बरोबर साधलं तर समोरचा पाठीवरून पलीकडे येतो आणि थेट खांद्यांवर पडतो. निकाल लावणारा डाव, अगदी मातीच्या मनासारखा.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तिथं गेल्यावर पायांखाली गादी आली. हा बदल वाचताना किरकोळ वाटतो, पायांना तो फार मोठा असतो. तालमीच्या हौद्यातली माती चाळलेली, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. तिच्यात पाऊल रुततं, पकड बसते, घामावर मूठभर माती टाकली की निसटता हात पुन्हा धरता येतो. गादीवर पाऊल रुतत नाही. घाम पुसायला फडकं आहे, माती नाही. शिवाय मातीतली कुस्ती तासभर खडाखडीत जाऊ शकते, गादीवर घड्याळ असतं आणि घड्याळाबरोबर गुण. समोरच्याला खाली घेतलं की गुण, उलटवलं की गुण, पाठ धोक्यात आणली की गुण. म्हणजे पाठ एकदाही न लागता माणूस हरू शकतो. खाशाबांसारख्या मल्लाला ही भाषाच नवी होती.

ती शिकवली रीस गार्डनर यांनी. हे एकेकाळचे अमेरिकेचे लाइटवेट विजेते. त्यांनी खाशाबांना आंतरराष्ट्रीय नियम समजावले, गादीवरची चाल बसवली. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला खाशाबांनी पहिल्या काही मिनिटांतच गारद केलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे गाडी अडली. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेच्या गादीवर उभा राहिलेला माणूस जगात सहावा आला, याची दखल तेव्हा आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाही.

पुढची चार वर्षं तयारीची. वजन वाढवून खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत आले. हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीत त्यांचं नाव मागे पडलं तेव्हा त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि निरंजन दास यांना हरवून त्यांनी जागा मिळवली. मग प्रश्न पैशाचा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी जमेल तसे पैसे दिले. सरकारी मदत आली ती उशिरा आणि थोडी. घर गहाण ठेवणारे प्राचार्य आज कुठं सापडतील, हा प्रश्न इथं विचारण्यात अर्थ नाही. खरं तर तेव्हाही ते एकच होते.

हेलसिंकीत जुलै १९५२. कॅनडाचा अ‍ॅड्रिएन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो, जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ, तिघांना मागे टाकून खाशाबा शेवटच्या तिघांत पोचले. उरले सोव्हिएत संघाचा राशिद ममदबेयोव्ह आणि जपानचा शोहाची इशिई. खाशाबांची बाजू सांगणारे एक हकिगत नेहमी सांगतात. इशिईशी झुंजून ते गादीवरून उतरतात न उतरतात तोच ममदबेयोव्हशी लढायला बोलावणं आलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय पथकाचा अधिकारी जवळ नव्हता आणि खाशाबांचं इंग्रजी पंचांशी वाद घालण्याइतकं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. दोन्ही कुस्त्या गेल्या. इशिईला सुवर्ण, ममदबेयोव्हला रौप्य आणि २३ जुलैला खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ते हेच. दुसऱ्यासाठी देशाला ४४ वर्षं थांबावं लागलं, १९९६ मध्ये लिअँडर पेसपर्यंत. कुस्तीत तर ५६ वर्षं.

याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात थोडक्यात पदकाला मुकले. त्यांचं नाव पुस्तकांच्या तळटिपांत गेलं. पदकाच्या अलीकडच्या माणसाचं असंच होतं.

कराड स्टेशनवर खाशाबांना घ्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या. गावापर्यंत मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केलं, तर कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः लढून, खर्डीकरांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, वरच्या हुद्द्यापर्यंत चढून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० साली.

खाशाबांना ज्यानं मागे टाकलं तो इशिई मुळात कुस्तीचा माणूसच नव्हता. तो ज्युदोचा. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, अमेरिकी सैन्याचा अंमल आला आणि शाळा-कॉलेजांतल्या ज्युदोवर बंदी पडली. अनेक तरुण ज्युदोपटू मग गादीवरच्या कुस्तीकडे वळले. इशिई त्यांतलाच. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला एकच सुवर्ण मिळालं, ते त्याचं. गोळेश्वरच्या हौद्यात घडलेला मल्ल आणि ज्युदोच्या चटईवर घडलेला मल्ल हेलसिंकीत तिसऱ्याच नियमांखाली भेटले. कुस्तीच्या नियमांनी इशिईकडून मोठी हत्यारं काढून घेतली होती. ज्युदोत मान आवळता येते, कोपर उलटं वाकवता येतं. ती हत्यारं गादीवर बाद होती.

बाद नसती तर काय होतं, हे हेलसिंकीच्या नऊ महिने आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसलं होतं. ऑक्टोबर १९५१, रिओ द जानेरोचं माराकाना स्टेडियम. जपानचा मासाहिको किमुरा विरुद्ध ब्राझीलचा एलियो ग्रेसी. किमुरानं ग्रेसीला खाली घेतलं आणि त्याचा हात धरला. हा डाव नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. खाली पडलेल्याचं कोपर काटकोनात वाकवायचं. एका हातानं त्याचं मनगट पकडायचं. दुसरा हात त्याच्या दंडाखालून नेऊन आपलंच मनगट धरायचं. आता त्याचा हात आपल्या दोन हातांच्या चौकटीत अडकला. ही चौकट तशीच ठेवून मनगट त्याच्या पाठीकडे फिरवत न्यायचं. पोलिस चोराचा हात पिरगाळतो तसंच, फक्त सुटायला वाट नाही. पहिल्यांदा खांदा ताणतो, मग कळ डोक्यात जाते, मग काहीतरी तुटतं. तुटायच्या आधी खालच्यानं थाप मारायची. जमिनीवर किंवा समोरच्याच्या अंगावर हाताची थाप, म्हणजे 'सोड, मी हरलो'.

ग्रेसीनं थाप मारली नाही. हात मोडला तरी मारली नाही. शेवटी त्याचा भाऊ कार्लोस यानं कोपऱ्यातून टॉवेल फेकून लढत थांबवली. ब्राझीलवाल्यांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचंच नाव देऊन टाकलं, किमुरा. हरवणाऱ्याच्या नावानं डाव ओळखायचा हा दिलदारपणा खेळाच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

आता इमामबक्षचा मुलगा. फाळणीनंतर गामाचं घराणं लाहोरचं झालं. इमामबक्षचे मुलगे भोलू, अस्लम, अक्रम, गोगा अशी पैलवानांची रांगच. त्यांतला अक्रम. १९७६ मध्ये जपानचा अँटोनियो इनोकी जगभर नाव कमावून होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टोकियोत तो महंमद अलीशी लढला आणि बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांना लाथा मारत राहिला. निकाल बरोबरी. झिबिस्कोच्या पालथ्या पडण्याची आठवण येते, फक्त इनोकी उताणा होता. मातीच्या हिशेबानं तो पहिल्या फेरीतच हरलेला!

१२ डिसेंबर १९७६, कराचीचं नॅशनल स्टेडियम. अक्रम तेव्हा चाळिशी ओलांडलेला, इनोकी तिशीतला. नियमांवर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं आणि कागदावरची ती ढिलाई अंगावर आली. तिसऱ्या फेरीत इनोकीनं अक्रमचा हात धरला. कोपर काटकोनात, मनगट मुठीत, दुसरा हात दंडाखालून. रिओतला तोच डाव. अक्रमनं थाप मारली नाही. मारणार तरी कशी? त्याच्या बापानं, काकानं, भावांनी ज्या खेळात उभं आयुष्य काढलं, त्यात 'मी हरलो' हे सांगायची खूणच नव्हती. पाठ लागलेली नाही तर हार कसली? इनोकीनं हात फिरवला, हात निकामी झाला आणि लढत थांबवावी लागली. स्टेडियमवर सन्नाटा पसरला.

यात एक गंमत दडलेली आहे, कडवट म्हणावी अशी. इनोकीचा गुरू कार्ल गॉच. हा माणूस इंग्लंडमधल्या विगनच्या तालमीत घडलेला, हात-पाय पिरगाळण्याच्या डावांत पक्का मुरलेला. शिष्यांकडून तो जो व्यायाम करून घ्यायचा त्याचा कणा म्हणजे आपल्या जोर-बैठका आणि मुद्गल. शेकड्यानं बैठका, शेकड्यानं जोर. जपानमधल्या त्याच्या आखाड्यात रोज पहाटे जे चाललं होतं ते लाहोरच्या किंवा कोल्हापूरच्या तालमीत चालण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. अक्रमचा हात मोडणाऱ्या हाताला ताकद आली होती ती अक्रमच्याच घराण्याच्या व्यायामातून.

जुने वस्ताद मल्लविद्येचे चार प्रकार सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती, जरासंधी. भीमसेनी जोराची, हनुमंती कसबाची, जांबुवंती समोरच्याला जखडून ठेवण्याची, आणि जरासंधी हाडं-सांधे मोडण्याची. म्हणजे पिंजऱ्यातल्या डावांना आपल्याकडे जागा आणि नाव दोन्ही होतं. जत्रेच्या आखाड्यात, घराघरातली पोरं जिथं लढतात तिथं, जरासंधी मागे पडली हे एका परीनं शहाणपणाचंच झालं. पोराचा हात मोडून घरी पाठवणारा खेळ गावानं वर्गणी काढून दरवर्षी भरवला नसता. पण विस्मरणात गेलेल्या डावाचा उताराही विस्मरणात जातो. गळ्याला हात आला की हनुवटी छातीशी चिकटवायची, हे मातीतल्या मुलाला कुणी शिकवत नाही. शिकवायचं कशासाठी, तिथं गळ्याला आवळून धरणारा हात येतच नाही.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी नावाची पहिली स्पर्धा झाली. आठ बाजूंचा पिंजरा, आठ स्पर्धक, वजनगट नाहीत. जिंकला तो सगळ्यांत साधा दिसणारा, पांढऱ्या पोशाखातला रॉईस ग्रेसी, त्या एलियोचा मुलगा. एका रात्रीत तिघांना हरवलं. बापाचा हात ज्या विद्येनं मोडला, ती विद्या घरानं चाळीस वर्षं घासूनपुसून मुलाच्या हाती दिली होती. मुष्टियोद्धे, लाथांचे बादशहा त्याच्यापुढे थाप मारत राहिले. जमिनीवरच्या झटापटीचं महत्त्व त्या रात्री साऱ्या जगाला कळलं आणि लवकरच कुस्तीगीर या खेळाकडे ओढले गेले. समोरच्याला खाली कसं घ्यायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत होतं? प्रश्न खाली घेतल्यानंतरचा होता.

भारतात हा खेळ रुजायला आणखी दोन दशकं गेली. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली, राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या पुढाकारानं. दिवे, संगीत, टीव्ही असा सगळा थाट. तालमीतल्या काही पोरांना वाटलं, कुस्तीत नोकरी मिळेपर्यंतचं वय निघून जातं, इथं निदान लढतीचे पैसे तरी मिळतात. कुस्तीतून या खेळात गेलेल्यांपैकी मुंबईचा भरत खंडारे सगळ्यांत पुढे पोचला. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये तो यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतात राहून, इथंच घडून तिथपर्यंत गेलेला हा पहिला लढवय्या. त्याच्या अडीच महिने आधी अर्जन भुल्लर उतरला होता, पण तो वाढला कॅनडात.

खंडारेसमोर होता चीनचा सोंग यादोंग, विसावं वर्षही पुरं न झालेला. चीनच्या मुख्य भूमीवर यूएफसीचा हा पहिलाच कार्यक्रम, स्टेडियम घरच्या पोराच्या बाजूनं. पहिली फेरी संपायला पाऊण मिनिट असताना सोंगनं समोरून खंडारेची मान काखेत धरली आणि आवळली. या फासाला गिलोटिन म्हणतात. चार मिनिटं सोळा सेकंदांना लढत संपली. यूएफसीत खंडारेची ती एकमेव लढत ठरली.

गिलोटिनमध्ये कुस्तीगिरासाठी एक खास सापळा असतो. पट काढायला पैलवान खाली वाकतो, डोकं पुढे जातं, खांदा समोरच्याच्या मांडीला भिडतो. एकेरी पट असो, दुहेरी पट असो, मातीत ही हालचाल हजारदा घोटून घेतलेली असते आणि तिच्यात डोकं पुढे असणं हे बरोबरच असतं. पिंजऱ्यात त्याच क्षणी समोरच्याचा हात हनुवटीखालून फिरतो आणि आपणच आपली मान त्याच्या काखेत नेऊन दिलेली असते. खाशाबांच्या ढाकेतही मान काखेतच यायची. पण ती मान पाडण्याची मूठ होती, पाठ लावण्याचं साधन. गिलोटिनमध्ये ती मानच निकाल असते. पाठ कुठं आहे हे कुणी बघत नाही. काही वेळा तर आवळणाराच स्वतःहून उताणा पडतो, दोन्ही पायांनी समोरच्याची कंबर बांधतो आणि खालून जिंकतो. शिरूरच्या आखाड्यात असं घडलं तर पंच त्याला हरलेला ठरवून मोकळा होईल.

एमएमएच्या सरावात म्हणूनच कुस्तीतून आलेल्या मुलाला आधी एकच गोष्ट शिकावी लागते: थाप मारणं. कळ वाढली की थाप, अंधारी आली की थाप. सरावात दिवसातून दहा वेळा हार कबूल करायची, हसून उठायचं, पुन्हा भिडायचं. पाठ लागू न देण्यात ज्याची दहा-बारा वर्षं गेली, त्याच्या अंगाला हे सहज उतरत नाही. अक्रमसारखा हट्ट इथं हात घेऊन जातो.

पाठीवर लागणारा निकाल मात्र आपल्याकडे अजून पाहायला मिळतो. रांजणगावहून पुणे-नगर रस्त्यानं पुण्याकडे निघालं की शिक्रापूर लागतं, मग सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि लोणीकंद. लोणीकंदवरून आत वळलं की फुलगाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथं महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद आणि १९६१ पासून दिला जाणारा हा किताब. या स्पर्धेनं माती की गादी या भांडणावर खास मराठी तोडगा काढलेला आहे. मातीचा विभाग वेगळा, गादीचा विभाग वेगळा, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात.

त्या वर्षी गादी विभागातून राजगुरुनगरचा शिवराज राक्षे आला. आदल्याच जानेवारीत कोथरूडला त्यानं हा किताब जिंकला होता. माती विभागातून सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा सिकंदर शेख, हमालाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. जानेवारीत तो माती विभागातच महेंद्र गायकवाडकडून हरला होता आणि पंचांच्या गुणांवरून तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. 'बाहेरची टांग' या डावाला किती गुण द्यायला हवे होते, यावर चहाच्या टपऱ्यांवर महिनाभर चर्चा चालली. मोबाइलवर तीच दृश्यं थांबवून थांबवून पाहिली गेली, दोन्ही बाजूंनी.

१० नोव्हेंबरच्या रात्री फुलगावात गुणांची वेळच आली नाही. शिट्टी झाली, हात भिडले, सिकंदरनं पवित्रा साधून झोळी घातली. शिवराजची मान आणि पाय एका कवेत आले, तो वळला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याचे खांदे टेकले. पंचाचा हात वर गेला. सगळा फड उठून उभा राहिला, हलग्या वाजू लागल्या. शिवराज उठून बाजूला झाला. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि त्यानंही कुणाला काही सांगितलं नाही.